रॉकेलच्या रांगेची किंमत

रॉकेल महाराष्ट्रातल्या घरांत शिरले ते दिव्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिका आणि रशियाचे तेल मुंबई बंदरात उतरू लागले आणि तेलवातीच्या दिव्यांची जागा चिमणी-कंदिलांनी घेतली. पुढे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील गावोगाव पोचला. रॉकेलचा रिकामा डबादेखील कोणी टाकत नसे. त्यातून पाणी यायचे, त्यात धान्य राहायचे, आणि कापून पसरलेल्या पत्र्याने झोपड्यांची छपरे झाली.

स्वयंपाक मात्र बराच काळ लाकूड-कोळशावरच होत राहिला. शहरात वखारीतून मणाच्या भावाने लाकूड यायचे. खेड्यात गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या. खेड्यातले हे सरपण बहुधा विकत घ्यावे लागत नसे, म्हणून घरखर्चात ते फुकटच धरले गेले. ते गोळा करताना, डोक्यावरून वाहताना आणि चुलीपुढे धूर गिळताना बाईचे जे तास गेले, ते कोणत्याच वहीत उतरले नाहीत.

चाळीतल्या एका खोलीत चूल परवडणारी नव्हती. तिथे स्टोव्ह आला. पितळी टाकी, पंप, काकडा, बर्नर तुंबला की पिन. हे सगळे शहरातल्या मुलाबाळांनाही पाठ असे. गिरणगावातली हजारो घरे या निळ्या ज्योतीवर जेवली. स्टोव्हची दुसरी बाजू भीषण होती. भडक्यात भाजलेल्या विवाहितांच्या बातम्या वर्षानुवर्षे ‘अपघात’ म्हणून छापल्या गेल्या. त्यांतले सगळे अपघात नव्हते, हे स्त्रीसंघटनांनी सतत सांगितले, तेव्हा कुठे १९८३ मध्ये कलम ४९८-अ आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४-ब कलम दंडसंहितेत आले.

गॅसची सुरुवात मुंबईतच झाली. १९५५ मध्ये माहुलला बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि त्याच सुमारास ‘बर्शेन’ गॅसचे सिलिंडर शहरातल्या सुखवस्तू घरांत दिसू लागले. बाकीच्यांच्या नशिबी नंबर लावून वाट पाहणे आले. कनेक्शनसाठी वर्षे जात. तोवर रेशनकार्डावर मिळणारे रॉकेल, हातात डबा, आणि टँकर कधी येणार याची चौकशी.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ आणि महागाई एकत्र आली. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार महिला समिती उभी राहिली आणि मुंबईच्या रस्त्यांवर लाटणे मोर्चे निघाले. तेल, साखर, धान्य यांच्याबरोबर रॉकेलही त्यांच्या मागण्यांत होते. पुढच्याच वर्षी अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा जागतिक भाव सुमारे चौपट झाला. समितीने एक गोष्ट नेमकी ओळखली होती: इंधन हा स्वयंपाकघराचा प्रश्न आहे आणि त्याचा निर्णय मंत्रालयात होतो. महाराष्ट्रातल्या घरखर्चाबद्दल इतके स्पष्ट राजकीय विधान त्याआधी फारसे कोणी केले नव्हते.

रॉकेल स्वस्त ठेवण्यावर सरकारने पुढेही मोठा खर्च केला, पण ते सगळे स्टोव्हपर्यंत पोचलेच नाही. डिझेल महाग, रॉकेल स्वस्त. म्हणून गरिबाच्या वाट्याचे रॉकेल डिझेलमध्ये मिसळले जाऊ लागले. मनमाडजवळच्या पानेवाडीत, तेल कंपन्यांच्या डेपोंच्या परिसरात, हा धंदा राजरोस चाले. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तो डोळ्यांनी पाहिला आणि तिथेच त्यांना जिवंत जाळण्यात आले. स्वस्त रॉकेलची खरी किंमत या एका घटनेइतकी उघड कधीच झाली नव्हती.

नंतर उज्ज्वला योजनेने गॅस खेड्यांत पोचवला आणि रॉकेलचा कोटा आटत गेला. सिलिंडर आले तरी भरून आणायला पैसे लागतातच, म्हणून अनेक घरांत चूल शेजारी टिकून राहिली. २०२४ मध्ये राज्य सरकारने अन्नपूर्णा योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचे जाहीर केले, त्यामागे हीच अडचण होती.

दुचाकी दारात आल्यापासून पेट्रोलही वाण्याच्या यादीइतकेच नित्याचे झाले. २०२१ च्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोलने लिटरला शंभर रुपये ओलांडले, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. परभणीने तो आकडा त्याआधीच पाहिला होता. तिथे तेल तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या मनमाडहून येते, आणि हे भाडे ग्राहकाच्याच दरात मिळवले जाते. त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर टक्केवारीने बसतो, म्हणजे अंतरावरही कर. शेजारच्या गोव्यात २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने पेट्रोलवरचा हा कर ०.१ टक्क्यावर आणला होता आणि लिटरमागे सुमारे अकरा रुपये कमी झाले होते. महाराष्ट्राला इतकी सवलत झेपणार नाही, हे मान्य. पण निदान वाहतूक खर्चावरचा कर परभणीच्या शेतकऱ्याकडून आणि शिक्षकाकडून घेणे राज्याने थांबवावे, आणि मराठवाड्याच्या आमदारांनी ही मागणी विधिमंडळात लावून धरावी.