पिरियड ट्रॅकर अ‍ॅप ओव्ह्युलेशनचा दिवस कसा सांगतं? आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा?

पाळीची तारीख लक्षात राहावी म्हणून पूर्वी घरातल्या कालनिर्णयवर पेनाने बारीकशी खूण केली जायची. आता ते काम मोबाईलमधलं पिरियड ट्रॅकर अ‍ॅप करतं. शिवाय ते आणखी एक गोष्ट सांगतं : गर्भ राहण्याची शक्यता कोणत्या दिवसांत जास्त आहे.

मी अमरावती-परतवाडा रोडवरच्या वलगावची. अ‍ॅपबद्दल लिहिते हे गावात माहीत असल्यामुळे मैत्रिणी आणि वहिन्या फोन घेऊन येतात. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न असा : "ताई, अ‍ॅपनं त हेच दिवस सांगतले होते, मंग काहून नाही राह्यलं?"

हा प्रश्न साधा नाही. लग्नाला वर्ष-दोन वर्षं झाली की घरचे, शेजारचे विचारायला लागतात आणि पाळी आली की दोष बाईच्या नावावर जमा होतो. त्यात अ‍ॅपने "आजच दिवस आहे" असं सांगितलेलं असलं, तर ती स्वतःलाच दोष देत बसते. म्हणून अ‍ॅप हा दिवस कुठून आणतं ते आज नीट समजून घेऊया.

ओव्ह्युलेशन म्हणजे काय?

साधारण दर महिन्याला अंडाशयातून एक स्त्रीबीज बाहेर पडतं. त्याला ओव्ह्युलेशन म्हणतात. हे बीज १२ ते २४ तासच टिकतं. पुरुषाचे शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे गर्भ राहण्याचे दिवस एकूण ६ : ओव्ह्युलेशनच्या आधीचे ५ आणि ओव्ह्युलेशनचा एक. त्यातही ओव्ह्युलेशनच्या आधीचे दोन दिवस सगळ्यात चांगले. दुसऱ्या दिवसापासून शक्यता जवळपास संपते.

म्हणजे "ओव्ह्युलेशन झालं, आता प्रयत्न करू" असं म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो. दिवस आधी कळायला हवा, आणि खरी अडचण तिथेच आहे.

अ‍ॅपचं गणित

तुम्ही फक्त पाळीच्या तारखा टाकत असाल, तर अ‍ॅपकडे तेवढीच माहिती असते. ते मागच्या काही महिन्यांची सरासरी काढतं, पुढची पाळी कधी येईल याचा अंदाज बांधतं आणि त्यातून साधारण १४ दिवस वजा करतं. झालं ओव्ह्युलेशन!

उदाहरण घेऊ. समजा मागच्या सहा पाळ्यांमधलं अंतर २७, २९, ३४, २८, ३१ आणि ३१ दिवस होतं. सरासरी आली ३०. शेवटची पाळी ३ मार्चला सुरू झाली, म्हणजे पुढची २ एप्रिलला अपेक्षित. त्यातून १४ दिवस मागे गेलो की १९ मार्च. मग अ‍ॅप १४ ते १९ मार्च हे दिवस रंगवून दाखवतं.

पण हा महिना ३४ दिवसांचा निघाला तर? तर पाळी ६ एप्रिलला येईल आणि त्याच हिशोबाने ओव्ह्युलेशन २३ मार्चच्या आसपास झालेलं असेल. म्हणजे खरे दिवस १८ ते २३ मार्च. अ‍ॅपने रंगवलेल्या सहा दिवसांपैकी पहिले चार वाया गेले. यात बाईचं काहीच चुकलं नाही. जी पाळी अजून आलीच नाही, तिच्यापासून अ‍ॅप मागे मोजत होतं.

अ‍ॅप कसं मोजतं तेही कंपनीनुसार बदलतं. कुणी शेवटचे तीन महिने धरतं, कुणी सहा. म्हणून सारख्याच तारखा टाकूनही दोन अ‍ॅप वेगवेगळे दिवस दाखवू शकतात.

"१४ वा दिवस" सगळ्यांना लागू होतो का?

नाही. २०१९ मध्ये 'नॅचरल सायकल्स' या स्वीडिश अ‍ॅपवरच्या १,२४,६४८ बायकांच्या ६ लाखांहून जास्त मासिक चक्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चक्राची सरासरी लांबी २९.३ दिवस निघाली आणि बरोबर २८ दिवसांची चक्रं फक्त १३ टक्के होती. पाळीच्या पहिल्या दिवसापासून ओव्ह्युलेशनपर्यंत सरासरी १६.९ दिवस लागले आणि तिथून पुढच्या पाळीपर्यंत १२.४ दिवस. म्हणजे शाळेच्या पुस्तकातला १४ चा आकडा कुठल्याच बाजूने पक्का नाही.

२०१८ च्या दुसऱ्या एका अभ्यासात असं दिसलं की फक्त कॅलेंडरच्या हिशोबाने ओव्ह्युलेशनचा नेमका दिवस ओळखण्याची शक्यता २१ टक्क्यांच्या वर जात नाही. ढोबळ मानाने, पाच वेळा सांगितलं तर एकदा बरोबर.

मग तारखा टाकायच्याच नाही का?

जरूर टाका. त्या तारखा खूप कामाच्या आहेत, फक्त त्यातून एकच दिवस न काढता एक पट्टा काढा. त्यासाठी जुना सोपा नियम आहे :

- निदान सहा महिन्यांची नोंद बघा.
- सगळ्यात लहान चक्रातून १८ वजा करा. हा पट्ट्याचा पहिला दिवस.
- सगळ्यात मोठ्या चक्रातून ११ वजा करा. हा शेवटचा दिवस.

वरच्या उदाहरणात २७ - १८ = ९ आणि ३४ - ११ = २३. पाळीचा पहिला दिवस १ धरला तर ९ वा ते २३ वा दिवस, म्हणजे ११ ते २५ मार्च. पट्टा मोठा आहे, पण खरा दिवस त्यात सापडण्याची शक्यता चांगली आहे. या पट्ट्यात दर दोन-तीन दिवसांनी संबंध आले तरी पुरेसं असतं. मोबाईलचं नोटिफिकेशन वाजलं म्हणून नवऱ्याला कामावरून बोलावून घ्यायची गरज नाही!

शरीर काय सांगतं?

१. पांढरा स्राव : ओव्ह्युलेशन जवळ आलं की स्राव पातळ, निसरडा आणि तार धरणारा होतो, कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा. ही खूण फुकट आहे आणि ती आधी कळते. बहुतेक अ‍ॅपमध्ये याची नोंद करायची सोय असते. स्रावाला वास, खाज किंवा हिरवट-पिवळा रंग असेल तर ते इन्फेक्शन असू शकतं, डॉक्टरांना दाखवा.

२. ओव्ह्युलेशन किट : मेडिकलमध्ये मिळतं. लघवीतलं एलएच हार्मोन तपासतं. हे हार्मोन एकदम वाढलं की साधारण २४ ते ३६ तासांत बीज बाहेर पडतं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. प्रेग्नन्सी किटवर फिकट रेघ आली तरी ती धरतात. ओव्ह्युलेशन किटवर फिकट रेघ म्हणजे निगेटिव्ह. टेस्टची रेघ शेजारच्या कंट्रोल रेघेइतकी किंवा तिच्यापेक्षा गडद आली तरच पॉझिटिव्ह. तो दिवस आणि पुढचा दिवस सोडू नका. पीसीओएस असेल तर एलएच आधीच वाढलेलं असू शकतं, त्यामुळे किट खोटं पॉझिटिव्ह दाखवू शकतं.

३. सकाळचं तापमान : ओव्ह्युलेशन झाल्यावर शरीराचं तापमान साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढतं. रोज उठल्या उठल्या, अंथरुणातच, एकाच वेळी मोजावं लागतं. हा फरक बारीक असतो, म्हणून दशांशानंतर दोन आकडे दाखवणारं थर्मामीटर हवं. आणि ही खूण ओव्ह्युलेशन होऊन गेल्यावर कळते. ताप, जागरण, झोपमोड यांनी आकडा बिघडतो. आपल्याकडे मे महिन्यात रात्री लाईट जाऊन कूलर बंद पडला की झोपेचे काय हाल होतात ते सांगायला नको.

स्मार्टवॉचचंही तसंच आहे. ज्या घड्याळात त्वचेचं तापमान मोजणारा सेन्सर आहे, ते ओव्ह्युलेशन होऊन गेल्यावर अंदाज देतं. ज्यात तो नाही, ते मनगटावर बसून तेच तारखांचं गणित करतं.

सम-विषम तारखांचं काय?

हा प्रश्न दबक्या आवाजात येतोच. २०२० मध्ये कीर्तनकार निवृत्ती महाराज इंदुरीकर यांचं सम-विषम तारखांबद्दलचं वक्तव्य यूट्यूबवरून पसरलं आणि प्रकरण पीसीपीएनडीटी कायद्याखाली संगमनेरच्या कोर्टात गेलं. विज्ञान इथे स्पष्ट आहे. मुलगा की मुलगी हे शुक्राणूमध्ये एक्स गुणसूत्र आहे की वाय यावर ठरतं. तारखेचा त्याच्याशी संबंध नाही. कुठलंही अ‍ॅप किंवा व्हिडिओ "मुलासाठीचे दिवस" सांगत असेल तर तो बंद करा.

तुमची माहिती कुठे जाते?

२०१९ मध्ये प्रायव्हसी इंटरनॅशनल या संस्थेच्या तपासणीत 'माया' या भारतीय अ‍ॅपसह काही अ‍ॅप फेसबुकला माहिती पाठवत असल्याचं आढळलं. अहवालानंतर मायाच्या कंपनीने फेसबुकचा तो कोड काढल्याचं सांगितलं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनने 'फ्लो' अ‍ॅपवर अशाच आरोपांवरून कारवाई केली आणि ते प्रकरण तडजोडीने मिटलं.

म्हणून एवढं करा : अ‍ॅपला कॉन्टॅक्ट आणि लोकेशनची परवानगी देऊ नका, लॉक लावा, लॉक स्क्रीनवरचं नोटिफिकेशन लपवा. घरात एकच फोन चार जण वापरत असतील तर हे जास्तच गरजेचं. आणि कालनिर्णयवरची खूण आजही चालते, तिला नेट लागत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

सगळं वेळेवर जमूनही तरुण जोडप्याला एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता साधारण चार-पाचात एक एवढीच असते. वर्षभरात मात्र दहापैकी आठ जोडप्यांना यश येतं. त्यामुळे दोन-तीन महिने नाही राहिलं तर घाबरू नका. पण पुढच्या वेळी थांबू नका :

- वय ३५ च्या आत आणि वर्षभर प्रयत्न करूनही राहिलं नाही.
- वय ३५ किंवा जास्त आणि ६ महिने झाले.
- पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांच्या पुढे येते, किंवा महिनोन्‌महिने येतच नाही. इथे वाट बघायची नाही, लगेच जा.

जाताना दोघांनी जा. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या केसमध्ये पुरुषाकडचं कारण एकटं किंवा सोबतीने असतं. वीर्य तपासणी सोपी आहे, सुई नाही की ऑपरेशन नाही. तरी आधी बाईच्याच सगळ्या तपासण्या होतात आणि नवऱ्याची राहून जाते. कोणतंही अ‍ॅप ही तपासणी सुचवायला तुमच्या नवऱ्याच्या फोनवर येत नाही, ते तुम्हालाच बोलावं लागेल.

सुरुवात गावच्या आशाताईंपासून किंवा आरोग्य केंद्रातून करता येते. आमच्याकडच्यांना पुढे अमरावतीचं जिल्हा स्त्री रुग्णालय, म्हणजे आपलं डफरीन, आहे. फोलिक अ‍ॅसिडची गोळी प्रयत्न सुरू करण्याआधीच विचारून घ्या.

आणि अ‍ॅपमधल्या सहा महिन्यांच्या तारखांचे स्क्रीनशॉट सोबत न्या. डॉक्टर पहिलाच प्रश्न विचारतील, "शेवटची पाळी कधी आली?" त्याचं अचूक उत्तर तुमच्या फोनमध्ये असेल. पुढचा अंदाज चुकला तरी मागच्या तारखांची नोंद खरी असते, आणि अ‍ॅपचा खरा फायदा तोच आहे.

हा लेख नवऱ्यालाही वाचायला द्या. काही विचारायचं असेल तर नक्की विचारा.