कात्री आणि कॅमेरा



सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर एक कागद दिसतो. आपण तेव्हा जागा शोधत असतो, नाहीतर पोराला गप्प करत असतो. तो सेन्सॉर बोर्डाचा दाखला. १९५२ च्या कायद्यानुसार तो मिळाल्याशिवाय थेटरात सिनेमा लावता येत नाही. बोर्ड म्हणतं, हे वाक्य काढा, तो प्रसंग कापा. ऐकलं नाही तर दाखला अडतो, आणि सिनेमा डब्यातच राहतो.

ही कात्री इंग्रजांच्या काळापासूनची. १९३० साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने शिवाजी महाराजांवर मूकपट काढला. व्ही. शांताराम दिग्दर्शक, महाराजांची भूमिकाही त्यांचीच. नाव ठेवलं 'स्वराज्य तोरण'. 'स्वराज्य' हा शब्दच सरकारला खपला नाही. मग नाव झालं 'उदयकाल'. नाव गेलं, पण गोष्ट लोकांपर्यंत पोचली.

स्वातंत्र्यानंतरही कात्री गेली नाही. मुंबईचे आनंद पटवर्धन गेली पन्नास वर्षं माहितीपट काढतात. नटनट्या नाहीत, खरी माणसं, खरे प्रसंग. बिहारच्या आंदोलनावर त्यांनी 'क्रांती की तरंगें' काढला आणि १९७५ साली आणीबाणी लागली. तेव्हा हा सिनेमा लपूनछपून दाखवावा लागे. एक प्रत तर तुकडे करून परदेशी पाठवली, तिकडे ते तुकडे परत जोडले. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे काम नवं वाटणार नाही!

पण आम्हाला आज मुख्य सांगायचं आहे ते त्यांच्या 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' या सिनेमाबद्दल. १९९५ च्या सुमाराचा हा सिनेमा. राजस्थानातल्या देवराला गावी १९८७ साली रूपकंवर नवऱ्याच्या चितेवर जळाली, ते त्यात आहे. पोरांना मर्दानगीच्या नावाखाली काय शिकवलं जातं आणि दंगलीत त्याचं काय होतं, तेही आहे. म्हणजे विषय आपल्याच घरातला. सिनेमाला बोर्डाचा दाखला मिळाला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. तरी दूरदर्शन तो दाखवेना. पटवर्धन उच्च न्यायालयात गेले, जिंकले. दूरदर्शन सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००६ साली निकाल लागला: एखादा तुकडा उचलून सिनेमा वाईट ठरवू नका, साध्या माणसाच्या नजरेने पूर्ण बघा आणि मग ठरवा. दूरदर्शनला तो दाखवावा लागला. यात अकरा वर्षं गेली. तेवढ्यात पहिलीतली पोरगी कॉलेजात जाते.

मधल्या काळात अणुबॉम्बवरच्या 'जंग और अमन' या सिनेमात बोर्डाने एकवीस ठिकाणी कापायला सांगितलं होतं. पुढाऱ्यांची भाषणंसुद्धा काढा म्हणे, जी पुढाऱ्यांनी चारचौघात केलेली! २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने एकही जागा न कापता तो सोडवला.

आता आपल्या नागपूरकडे येऊ. इथले वीरा साथीदार कार्यकर्ते, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' सिनेमात त्यांनी शाहीर नारायण कांबळेचं काम केलं. २०१४ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या सिनेमाला मिळाला. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने साथीदार गेले. सिनेमात शाहिरावर आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून एका गटार कामगाराने जीव दिला. मग त्या कामगाराची बायको साक्षीला येते. ती काही भाषण करत नाही. विचारलं तेवढं सांगते. नवरा दारू पिऊनच आत उतरायचा, वास सहन होत नव्हता. अंगावर काही साधन नसायचं. गॅसने त्याचा एक डोळा गेला होता. उतरण्याआधी आत खडा टाकून झुरळ बाहेर येतं का बघायचा. झुरळ आलं म्हणजे आत हवा आहे.

गाणं ऐकलं होतं का त्याने? तिला माहीत नाही.