पावरी धरली की

एरंडोलला हळदीची रात्र. बँडची गाडी गल्लीच्या तोंडाशी अडकलीय, मागे जनरेटर धडधडतोय. कॅसिओवाला पावरी धरतो आणि इतका वेळ हाताची घडी घालून उभे असलेले मामासुद्धा रिंगणात ओढले जातात. ‘होऊ दे ना भो!’ गाडीवर पावरी नाहीच. भोपळ्याचं, बांबूचं ते वाद्य तिकडे साक्री-कळवणच्या डोंगरांत, डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वाजतं. इथवर आलाय तो फक्त त्याचा आवाज, वायरीतून.

डोळे मिटा. पाय मात्र थांबवू नका.

उघडा. साल १९७३, पश्चिम आफ्रिकेतलं शहर कोतोनू. देशाचं नाव अजून दाहोमे; बेनिन व्हायला दोन वर्षं आहेत. समुद्रावरची दमट हवा अंगाला चिकटते. एका घरात ऑर्केस्ट्र पॉली-रिदमो या बँडची मंडळी दाटीवाटीनं उभी आहेत. म्होरक्या मेलोमे क्लेमाँ. स्टुडिओ वगैरे काही नाही. स्विस बनावटीचं नाग्रा टेपयंत्र आणि एखाद-दुसरा माईक. त्यामुळे मिक्सिंग पायांनी होतं: गाणारा माईकजवळ, तुतारीसारखं वाद्य फुंकणारा चार पावलं मागं. एक जण चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून.

ऑर्गन कर्कश, गिटार ओरखडे काढत जाणारी, बास जेम्स ब्राऊनच्या अमेरिकी फंकच्या वळणाचा. पण ड्रमकडे कान द्या. लेओपोल जे वाजवतोय ते अमेरिकेचं नाही, इथला सातो ठेका आहे. सातोचा ढोल माणसाएवढा उंच. तो मेलेल्यांच्या विधीला निघतो, करमणुकीला नाही. म्हणून ढोल घरी राहिलाय आणि पावरीच्या आवाजासारखा ठेका तेवढा ड्रमसेटवर आलाय. दुसरा एक ठेका साक्पाटाचा. साक्पाटा म्हणजे देवी रोगाचा देव. आपल्याकडे शितळामायला नैवेद्य दाखवून तिला फंकवर नाचवायचं कुणाच्या डोक्यात आलं असतं का? मला तरी हे धाडस फार आवडतं. उगाच ‘फ्यूजन’ म्हणून त्याला पाणचट करू नये.

पापियाँची गिटार चढते, गाणारा तिथल्या फोन भाषेत हाळी देतो, आणि नेमका तेव्हाच फुंकणाऱ्यांपैकी कुणीतरी एक मात्रा आधी शिरतो. क्लेमाँ हात वर करतो. सगळं बंद. टेप मागं फिरते, घाम पुसला जातो.

तुमचे पाय अजून चालूच आहेत.