शरीराचं घड्याळ: दिवसा जागणाऱ्या प्राण्यांचा मेंदू वेळ कशी मोजतो?

माणूस, माकड, खार हे दिनचर सस्तन प्राणी. उंदीर आणि हॅमस्टर निशाचर. मग या दोन गटांच्या मेंदूतलं घड्याळ एकमेकांच्या उलट चालत असेल ना? नाही. घड्याळ जवळपास सारखंच असतं.

घड्याळ कुठे असतं?

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर पेशींचे दोन छोटे पुंजके असतात. त्यांना सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस, थोडक्यात एससीएन म्हणतात. १९९० मध्ये शास्त्रज्ञांनी ज्यांचा एससीएन काढून टाकला होता अशा हॅमस्टरमध्ये, २० तासांचं चक्र असलेल्या हॅमस्टरचा एससीएन बसवला. त्यांचा 'दिवस'ही २० तासांचा झाला!

टिकटिक कशी होते?

प्रत्येक पेशीत एक फीडबॅक लूप चालतो:

१. 'क्लॉक' आणि 'बीमॅल१' ही प्रथिनं 'पर' आणि 'क्राय' ही जनुकं चालू करतात.
२. पर आणि क्राय प्रथिनं हळूहळू साठतात.
३. पुरेशी साठली की ती क्लॉक-बीमॅल१ची जोडी थांबवतात.
४. काही तासांत ती नष्ट होतात आणि लूप पुन्हा सुरू होतो.

माणसात ही फेरी सरासरी २४ तासांपेक्षा किंचित मोठी असते. म्हणून घड्याळ रोज सिंक करावं लागतं आणि ते काम प्रकाश करतो. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशींमध्ये मेलॅनोप्सिन असतं. त्या निळसर प्रकाश टिपतात आणि थेट एससीएनला कळवतात.

मग दिनचर आणि निशाचर यांत फरक कुठे?

एससीएनच्या पेशी दोघांमध्येही दिवसा जास्त सक्रिय असतात. मेलॅटोनिनही दोघांमध्ये रात्रीच स्रवतं. उंदीर तर तेव्हा धावपळ करत असतो! म्हणजे मेलॅटोनिनचा मूळ निरोप 'झोप' असा नसून 'रात्र झाली' असा आहे. सर्व्हरची वेळ एकच, पण त्यावर कोणतं काम किती वाजता चालवायचं हे प्रत्येक मशीन वेगळं ठरवतं, तसंच हे. फरक एससीएनच्या पुढच्या यंत्रणेत असतो.

नाइट शिफ्टवाल्यांनी काय लक्षात घ्यावं?

पुण्यात बसून अमेरिकेच्या वेळेत काम करणाऱ्याला 'होईल सवय' असं सांगितलं जातं. पण सकाळी घरी जाताना डोळ्यांत शिरणारं ऊन एससीएनला पुन्हा 'दिवस उजाडला' असंच सांगतं. ऑफिसमधला प्रकाश साधारण ३०० ते ५०० लक्स असतो, बाहेरचं ऊन हजारो लक्स. त्यामुळे महिनोन्‌महिने नाइट शिफ्ट करूनही बहुतेकांचं घड्याळ पूर्ण उलटत नाही. दिवसा झोप लागत नाही, यात तुमच्या इच्छाशक्तीचा दोष नाही. परतताना गडद गॉगल, खोलीत जाड पडदे आणि झोपेची ठरलेली वेळ यांनी मदत होते. त्रास टिकून राहिला तर डॉक्टरांना भेटा.