बेदाणा कोणाचा?

सुक्या मेव्याची नावे नीट ऐकली, की मराठी आणि फारसीचा जुना शेजार कानी येतो. 'मेवा' हाच शब्द फारसी, अर्थ फळ. बदाम, पिस्ता, अंजीर, किसमिस हीही त्याच वाटेने आलेली. जर्दाळूतला 'जर्द' म्हणजे पिवळा आणि 'आलू' म्हणजे बटाटा नव्हे, आलुबुखाराच्या जातीचे फळ. मनुका अरबी 'मुनक्का'वरून आली. त्याचा अर्थ साफ केलेली, बी काढलेली. आपल्या काळ्या मनुकांत मात्र पुष्कळदा बी निघतेच! अक्रोडाचे मूळ संस्कृतात. दुकानाच्या फळीवर या सगळ्यांच्या बरण्या शेजारी शेजारी असतात.

द्राक्ष दख्खनला नवे नाही. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली. पुढे तेथे आलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवले, की या गावी द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात. आमचा बागायतदार आजही वेल दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी; फळ मात्र एकदाच घेतो.

आमच्या पिंपळगाव बसवंतच्या शेजारी, ओझरला, रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ साली द्राक्षलागवड सुरू केली. पुढे निफाड तालुक्यात घरोघरी झालेले 'थॉमसन' हे नाव कॅलिफोर्नियाच्या विल्यम थॉमसनचे. पण ही बिनबियांची जात मुळात इराणकडची, आणि तिकडचे तिचे नाव किश्मिशच.

बेदाणा करताना द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. त्याने सालीवरच्या मेणाला सूक्ष्म भेगा पडतात व पाणी लवकर निघते. मग शेडमधल्या जाळ्यांवर सुमारे दोन आठवडे तो सावलीत सुकतो. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा उतरतो, आणि मध्येच अवकाळी पाऊस आला तर तोही काळवंडतो.

ओझरला वेल लागली त्याच १९२५ साली माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा फारसी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. फारसीचे हे प्राध्यापक पुढे भाषाशुद्धीच्या चळवळीत सामील झाले आणि मराठीतले फारसी शब्द टाळू लागले. त्यांच्या विद्वत्तेबद्दल आम्हांला आदरच आहे. पण आम्ही उर्दू शाळेत शिकवतो आणि मराठीत लिहितो. आमच्या मुलांना कोणी उर्दू परकी म्हणून सांगते, कोणी मराठी. अशा वेळी आम्ही त्यांना बेदाण्याची फोड करून दाखवतो. 'बे' म्हणजे विना, 'दाणा' म्हणजे बी. शब्द फारसी, पीक निफाडचे, घाम इथल्या शेतकऱ्याचा आणि मजूर बायांचा. तोच ईदच्या शीरखुर्म्यात पडतो आणि सत्यनारायणाच्या प्रसादातही.

परके शब्द वेचून बाहेर काढायचे ठरवले, तर आमच्या शेतकऱ्याने बाजारात आपला माल कोणत्या नावाने विकावा?