अमेरिकेतील सामूहिक हद्दपारी मोहीम

अमेरिकेतील सामूहिक हद्दपारी मोहीम ही अमेरिकेची संयुक्त संस्थाने या देशात कायदेशीर परवान्याविना राहणाऱ्या स्थलांतरितांना मोठ्या प्रमाणावर देशाबाहेर काढण्याची राजकीय मागणी आणि तिच्यातून आकारास आलेले शासकीय धोरण होय. २०२४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांनी ही मागणी आपल्या प्रचाराच्या केंद्रस्थानी आणली. जानेवारी २०२५ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. समर्थकांच्या मते हे कायद्याच्या राज्याचे पुनःस्थापन आहे, तर टीकाकारांना त्यात एकाधिकारशाहीकडे होणारी वाटचाल दिसते.

== पार्श्वभूमी ==
अमेरिकेत सामूहिक हद्दपारीचे प्रयोग पूर्वीही झाले आहेत. १९३० च्या दशकातील महामंदीच्या काळात मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना मेक्सिकोत पाठवण्यात आले. त्यांत जन्माने अमेरिकन नागरिक असलेल्यांची संख्याही मोठी होती. या घटनेबद्दल कॅलिफोर्निया राज्याने २००५ मध्ये कायदा करून क्षमायाचना केली. १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत ‘ऑपरेशन वेटबॅक’ ही मोहीम राबवण्यात आली. या नावातील शब्द मेक्सिकन मजुरांसाठी वापरला जाणारा अपशब्द आहे. दहा लाखांहून अधिक लोकांना परत पाठवल्याचा तत्कालीन शासनाचा दावा इतिहासकार अतिशयोक्त मानतात. ट्रम्प यांनी आपल्या प्रचारात आयझेनहॉवर यांच्या या मोहिमेचा आदर्श म्हणून उल्लेख केला.

हद्दपारी हे केवळ एका पक्षाचे धोरण नाही. डेमोक्रॅटिक पक्षाचे बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना २०१३ च्या सुमारास वर्षाला चार लाखांहून अधिक व्यक्तींना देशाबाहेर काढण्यात आले होते. मात्र सरसकट हद्दपारी ही निवडणुकीची मुख्य घोषणा त्या काळी झाली नव्हती.

== समर्थकांची जमवाजमव ==
२०२२ ते २०२४ या तिन्ही आर्थिक वर्षांत अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर दरवर्षी वीस लाखांहून अधिक वेळा स्थलांतरितांना अडवल्याची नोंद झाली. न्यूयॉर्क, शिकागो यांसारख्या शहरांतील निवारा व्यवस्थेवर ताण आला आणि हा प्रश्न सीमावर्ती राज्यांपुरता उरला नाही. गॅलप या संस्थेच्या २०२४ च्या सर्वेक्षणात ४७ टक्के लोकांनी परवान्याविना राहणाऱ्या सर्व स्थलांतरितांना परत पाठवण्यास पाठिंबा दर्शवला. २०१९ मध्ये हे प्रमाण ३७ टक्के होते.

जुलै २०२४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले. तेथे ‘मास डिपोर्टेशन नाऊ’ (सामूहिक हद्दपारी आत्ताच) असे छापील फलक उंचावलेल्या प्रतिनिधींची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत मोठी हद्दपारी मोहीम राबवण्याचे आश्वासन पक्षाच्या जाहीरनाम्यात दुसऱ्या क्रमांकावर होते. सप्टेंबर २०२४ मध्ये ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथील हैतीयन स्थलांतरित पाळीव प्राणी खातात, असा दावा ट्रम्प यांनी दूरचित्रवाणीवरील वादचर्चेत केला. शहर प्रशासनाने त्यास पुरावा नसल्याचे सांगितले. त्यानंतर शहरातील शाळा व कार्यालयांना बॉम्बच्या धमक्या आल्या. नोव्हेंबरमधील निवडणुकीत ट्रम्प ३१२ निर्वाचक मते मिळवून विजयी झाले. त्यांच्या समर्थकांनी हा निकाल हद्दपारीसाठी मिळालेला जनादेश मानला.

== अंमलबजावणी ==
२० जानेवारी २०२५ रोजी पदग्रहण करताच ट्रम्प यांनी दक्षिण सीमेवर राष्ट्रीय आणीबाणी घोषित केली. मार्चमध्ये त्यांनी १७९८ चा परकीय शत्रू कायदा लागू केला. हा कायदा त्यापूर्वी केवळ १८१२ चे युद्ध आणि दोन महायुद्धे या काळांतच वापरला गेला होता. त्याच्या आधारे, तसेच नेहमीच्या स्थलांतर कायद्यान्वये, दोनशेहून अधिक व्हेनेझुएलन पुरुषांना एल साल्वाडोरमधील ‘सेकॉट’ या तुरुंगात पाठवण्यात आले. एका गुन्हेगारी टोळीचे सदस्यत्व हा त्यांच्यावरील मुख्य आरोप होता. मात्र अनेकांना तो न्यायालयात खोडून काढण्याची संधी मिळाली नाही. जुलै २०२५ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत त्यांना व्हेनेझुएलात पाठवण्यात आले.

जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिस येथे धरपकडीविरुद्ध निदर्शने झाली. तेव्हा गव्हर्नर गॅविन न्यूसम यांच्या संमतीशिवाय राष्ट्रीय रक्षक दल तैनात करण्यात आले व पाठोपाठ सुमारे ७०० मरीन सैनिकही पाठवण्यात आले. गव्हर्नरच्या इच्छेविरुद्ध अशी तैनाती १९६५ नंतर प्रथमच झाली. ४ जुलै रोजी संमत झालेल्या कायद्याने स्थानबद्धता केंद्रांसाठी ४५ अब्ज डॉलरची तरतूद केली.

== न्यायालयीन संघर्ष ==
परकीय शत्रू कायद्याखालील हद्दपारी थांबवण्याचा आदेश न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी दिल्यावर ट्रम्प यांनी त्यांच्यावर महाभियोग चालवण्याची मागणी केली. न्यायालयीन निर्णयाशी मतभेद हे महाभियोगाचे कारण होऊ शकत नाही, असे निवेदन सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी प्रसिद्ध केले. ७ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने बोसबर्ग यांचा आदेश रद्द केला. मात्र संबंधितांना पूर्वसूचना आणि दाद मागण्याची संधी मिळालीच पाहिजे, असेही स्पष्ट केले. त्याच आठवड्यात, चुकीने एल साल्वाडोरला पाठवलेल्या एका रहिवाशाच्या सुटकेसाठी शासनाने साहाय्य करावे, असा आदेश न्यायालयाने कायम ठेवला.

== एकाधिकारशाहीविषयीची भीती ==
टीकाकारांचा आक्षेप हद्दपारीच्या तत्त्वापेक्षा तिच्या पद्धतीवर अधिक आहे. आणीबाणीचे अधिकार, युद्धकालीन कायदे आणि लष्कर यांचा देशांतर्गत वापर एकदा रूढ झाला, तर तो नागरिकांविरुद्धही होऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे आहे. नागरिक असल्याचे सिद्ध करण्यासाठीही सुनावणी आवश्यक असते. त्यामुळे परकीयांची सुनावणी नाकारल्यास नागरिकांचे संरक्षणही दुबळे होते, असा युक्तिवाद केला जातो. ट्रम्प यांचे माजी कार्यालयप्रमुख जॉन केली यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये, ट्रम्प फॅसिस्ट या संज्ञेच्या सर्वसाधारण व्याख्येत बसतात, असे मत व्यक्त केले होते. ट्रम्प यांनी हे आरोप फेटाळले. समर्थकांच्या मते निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या धोरणात न्यायाधीशांनी अडथळे आणणे हेच लोकशाहीविरोधी आहे.

१४ जून २०२५ रोजी ‘नो किंग्ज’ (राजे नकोत) या नावाने देशभर निदर्शने झाली. गॅलपच्या २०२५ च्या सर्वेक्षणात सर्वांच्या हद्दपारीस असलेला पाठिंबा ३८ टक्क्यांवर आला.

== भारताशी संबंध ==
५ फेब्रुवारी २०२५ रोजी १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसर येथे उतरले. त्यांपैकी बहुसंख्य हरियाणा, गुजरात व पंजाब या राज्यांतील होते. तिघे महाराष्ट्रातील होते. प्रवासात त्यांना हातकड्या व पायांत साखळ्या घातल्याचे उघड झाल्यावर संसदेत विरोधी पक्षांनी निषेध नोंदवला. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी राज्यसभेत निवेदन करताना, परत पाठवण्याची ही प्रक्रिया नवी नसल्याचे सांगितले आणि परतणाऱ्यांना गैरवागणूक मिळू नये यासाठी अमेरिकेशी संपर्कात असल्याचे नमूद केले.