नाल, गोटे आणि मणाचे कोडे

जुन्या तालमींविषयी जी माहिती तोंडोतोंडी चालत येते, तीत एक वाक्य हटकून आढळते : अमक्या पैलवानाने इतक्या मणांचा गोटा खांद्यावर घेतला. शिरूर व दौंड ह्या तालुक्यांतील अशा आठवणींचा इतिहासाचे साधन म्हणून विचार करावयाचा, तर पहिला प्रश्न पैलवानाचा नसून मणाचा आहे.

वजन उचलण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात, म्हणजे इ. स. ११३० च्या सुमारास, मल्लांच्या श्रमप्रकारांत ‘भारश्रम’ स्पष्ट सांगितला आहे. पुढे तालमींत गोटा व नाल ही साधने रूढ झाली. गोटा म्हणजे साधा वाटोळा धोंडा. नाल म्हणजे आतून कोरलेला दगड, ज्याच्या पोकळीत मुठीत धरण्यापुरता दांडा त्याच पाषाणाचा राखलेला असतो.

आता मणाकडे वळू. ४० शेरांचा मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोंचा होता. ८० तोळ्यांच्या शेराचा बंगाली मण, जो रेल्वेच्या मालास लागू असे, तो ३७.३२ किलोंचा. शिरूर हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजांच्या छावणीचे ठिकाण आणि दौंड हे रेल्वेचे जंक्शन. अशा ठिकाणी एकाहून अधिक माने लोकांच्या तोंडी असणे स्वाभाविकच होय. परिणामी ‘सहा मणांचा गोटा’ एका मानाने ७६ किलो, तर दुसऱ्याने २२४ किलो ठरतो. पहिला कोणाही कसलेल्या गड्याने उचलावा. दुसरा उचलणारा विरळा. १९५६ च्या कायद्यानंतर किलो रूढ झाला आणि जुने मण व्यवहारातून गेले. त्यामुळे हा घोटाळा अधिकच दुर्भेद्य झाला आहे.

बडोद्याच्या संग्रहालयातील दगड गामा पैलवानाने २३ डिसेंबर १९०२ रोजी उचलला व त्याचे वजन १२०० किलो, असे सांगतात. परंतु १९०२ साली किलो येथल्या व्यवहारात नव्हता. तेव्हा हा आकडा तरी मागाहूनचा होय. तथापि दगड जागेवर आहे. सबब आकड्याची परीक्षा केव्हाही करता येईल. ग्रीस देशात ऑलिंपिया येथे इ. स. पूर्व सहाव्या शतकातील, सुमारे १४३ किलोंचा वालुकाश्म आहे. बिबोन नामक पुरुषाने तो एका हाताने डोक्यावरून फेकला, असे त्यावर कोरले आहे. त्या लेखात वजन नाही. पण दगड टिकला म्हणून वजन कळले. आपल्याकडे बहुधा उलट होते : आकडा टिकतो, दगड जातो.

ह्यास एक बोलका अपवाद दौंडच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातच आहे. जेजुरीच्या खंडोबाचा खंडा पेशवाईत पानसे सरदारांनी वाहिला, अशी परंपरा आहे. तो सुमारे ४२ किलोंचा असून दसऱ्याच्या उत्सवात गडी तो एका हाताने तोलून धरतात, कोणी दातांनी उचलतात. वस्तू तीच, कृती तीच, पाहणारे हजारो. म्हणून तेथे अतिशयोक्तीस वाव राहत नाही. खंडा टिकला, कारण तो देवाचा. तालमीच्या गोट्यास असा कोणी धनी नाही. त्यावर लेख नसतो, आकारात वैशिष्ट्य नसते. तालीम मोडली की तो पायरीस वा जोत्यास लागतो, आणि त्याबरोबर एका पुरुषाच्या बळाचा एकमेव पुरावा नाहीसा होतो.

म्हणून ह्या दोन तालुक्यांतील वाचकांस आमची विनंती आहे की, गावच्या मारुतीपुढे वा तालमीपाशी असा नाल किंवा गोटा असेल तर तो आडतीच्या काट्यावर तोलावा. ते न साधल्यास त्याचे माप घ्यावे. आपल्याकडील काळा पाषाण घनफुटास सुमारे ८० किलो भरतो, त्यावरून अंदाज निघेल. नालाच्या पोकळीची खोली व दांड्याची जाडी अवश्य टिपावी, कारण समान वजनाचे दोन नाल उचलण्यास समान नसतात. कडा फुटली असल्यास तेही लिहावे. आठवण सांगणाऱ्याने मण म्हटले असेल तर मणच लिहावा, परस्पर किलो करू नयेत. ह्या नोंदी झाल्या, तर परंपरेने चालत आलेली नावे जोखता येतील. आणि त्यांतील काही पूर्ण वजनाची ठरतील, असा आमचा विश्वास आहे.